साधन आधी, मत मग

अमेरिकेतल्या शाळांत इतिहासाच्या शिक्षकांची एक रीत आहे. वर्ष सुरू होताच मुलांच्या हाती एक छापील कागद पडतो. वही कोणती आणायची, गृहपाठ उशिरा दिला तर काय, चाचणीला किती टक्के आणि प्रकल्पाला किती, वर्गात बोलायची शिस्त कोणती, सगळं त्यात असतं. खाली पालकांची सही. आपल्या देशाचा इतिहास शिकायला बसण्याआधी तिथलं सातवी-आठवीचं मूल हा करार वाचतं.

आपल्याकडे असा एकच एक कागद नसतो. त्यामुळे आपल्या इतिहासाच्या तासाला काही धोरणच नाही असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. महाराष्ट्रातल्या आठवीच्या इतिहासाचे नियम तीन ठिकाणी विखुरलेले आहेत: बालभारतीच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं, प्रत्येक पाठाखालचा स्वाध्याय आणि प्रगतिपत्रकातला वर्णनात्मक नोंदींचा रकाना. हे तिन्ही तुकडे जोडून सलग वाचले की विचारपूर्वक बांधलेली एक रचना दिसू लागते. तिचं कौतुक व्हायला हवं तितकं झालेलं नाही. ते करताना मी कफ परेडच्या मच्छीमार नगरातलं आठवीचं मूल डोळ्यांसमोर ठेवलं आहे. अमेरिकेचा इतिहास त्याच्या पुस्तकात एका पाठाचा छोटासा भाग आहे, पण त्याच्या घराभोवतालच्या जमिनीत, समुद्रात आणि आईच्या पहाटेच्या फेरीत तो कितीतरी जास्त आहे.

पुस्तक उघडलं की लगेच विषय सुरू होत नाही. आधी मूलभूत कर्तव्यं, मग संविधानाची उद्देशिका, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा. ही पानं सवयीनं उलटली जातात. थांबून वाचली तर त्यांच्या क्रमातली योजना जाणवते. उद्देशिकेचा कर्ता अनेकवचनी आहे, प्रतिज्ञेचा एकवचनी. सगळ्यांनी मिळून स्वतःला काय दिलं ते आधी, आणि त्यातलं माझ्या वाट्याचं वागणं कोणतं ते नंतर. प्रतिज्ञा १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली. देशापासून निघून वडीलधाऱ्यांच्या मानापर्यंत आणि प्रत्येकाशी सौजन्यानं वागण्यापर्यंत ती अलगद उतरते. दुसरा बोलत असताना मध्ये बोलू नये, असं जे कलम तिकडच्या कागदावर असतं, त्याचा गाभा इथे रोज सकाळी उभ्यानं म्हटला जातो. पुस्तकात पुढे अमेरिकेचा भाग येतो, तेव्हा शिक्षकाला एक सुरेख धागा उचलता येतो. १७८७ साली तयार झालेल्या अमेरिकेच्या संविधानाची सुरुवातही लोकांच्या अनेकवचनानंच होते. पहिल्या पानावर पाहिलेली वाक्यरचना पुढे दुसऱ्या देशात भेटते, तेव्हा मुलाला इतिहास ओळखीचा वाटू लागतो.

कर्तव्यांच्या पानावर आणखी एक बारकावा आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ही कर्तव्यं आली. आज ती अकरा आहेत. त्यांतली तीन थेट इतिहासाच्या वर्गाची आहेत. स्वातंत्र्यलढ्याच्या आदर्शांची जोपासना आणि संमिश्र संस्कृतीच्या वारशाचं जतन ही दोन मनात आदर धरायला सांगतात. तिसरं शोधकबुद्धी बाळगायला सांगतं. म्हणजे आदर बाळग आणि प्रश्नही विचार, अशा दोन्ही अपेक्षा एकाच पानावर, एकमेकींना न ढकलता उभ्या आहेत. पुढे पोवाडा वाचताना किंवा पुतळ्यापुढे उभं राहताना मुलाला नेमका हाच तोल सांभाळायचा असतो. तो तोल विषय सुरू होण्याच्या आधीच हाती ठेवणं, ही फार जाणती योजना आहे.

उद्देशिकेच्या शेवटी एक तारीख येते: २६ नोव्हेंबर १९४९. शाळाशाळांत त्या दिवशी संविधान दिन होतो, उद्देशिकेचं सामूहिक वाचन होतं. मच्छीमार नगरात या तारखेला दुसराही एक अर्थ चिकटला आहे. २००८ साली त्याच तारखेच्या रात्री दहा हल्लेखोर रबरी होडीतून इथल्याच किनाऱ्यावर, बधवार पार्कच्या कडेला उतरले. त्यांना उतरताना पाहणारे आणि हटकणारे लोक याच वस्तीतले होते. आठवीतलं मूल त्यानंतर जन्मलेलं. त्याच्यासाठी ती रात्र इतिहासच आहे, पण त्या इतिहासाचे साक्षीदार त्याच्या गल्लीत राहतात. अशा वर्गात उद्देशिका वाचून होते, तेव्हा त्या तारखेचं वजन वेगळं पडतं. इथे शिक्षकानं काही बोलायचीही गरज उरत नाही.

आता पहिला पाठ. आठवीचं हे पुस्तक २०१८ साली आलं. त्याचा पहिला पाठ कुठल्या राजाचा नाही, लढाईचा नाही, इंग्रजांच्या आगमनाचाही नाही. तो इतिहासाच्या साधनांचा आहे. सातवीचंही तसंच. ज्यांनी हा क्रम ठरवला त्यांच्या दृष्टीला मी मनापासून दाद देतो. गोष्ट सांगण्याआधी, गोष्ट कशावरून सांगतात ते सांगायचं. अमेरिकन कागदावर जी अपेक्षा 'पुराव्यासह लिहा' अशा एका कलमात उरकली जाते, तिला इथे अख्खा पाठ मिळाला आहे, आणि तोही अग्रस्थानी. भौतिक, लिखित, मौखिक, दृक्-श्राव्य अशी साधनांची विभागणी होते. वास्तू, पुतळे, वर्तमानपत्रं, नकाशे, पोवाडे, छायाचित्रं, चित्रपट हे सगळे एकेक करून साक्षीला येतात. पुढचे तेरा पाठ या साक्षीदारांच्या जोरावर उभे राहणार आहेत, हे मुलाला आधीच कळतं.

या पाठाची वेळ पाहा. मुंबईतल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. मासेमारीला बंदी असते १ जून ते ३१ जुलै. म्हणजे आठवीच्या वर्गात साधनांचा पाठ चालू असतो, तेव्हा मच्छीमार नगरातल्या होड्या वर ओढलेल्या असतात, नाखवा घरी असतो, खलाशी घरी असतात, फाटलेली जाळी दारात पसरून सांधायचं काम चाललेलं असतं. इतर दहा महिने पहाटे निघून जाणारं मौखिक साधन नेमक्या याच दोन महिन्यांत हातात सुई-दोरा घेऊन दाराशी बसलेलं असतं. पुस्तक करणाऱ्यांनी कोळीवाड्यांचा विचार करून हा क्रम ठरवला असेल असं मी म्हणत नाही. पण चांगल्या रचनेला असे योग लाभतात. 'घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून लिहा' हा उपक्रम डोंगराळ भागातल्या शाळेत जितका सोपा, तितकाच तो इथे जून-जुलैत सोपा आहे. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा समुद्रात गेल्या की तोच प्रश्न विचारायला रविवारची वाट पाहावी लागते.

दुसरा पाठ 'युरोप आणि भारत'. अमेरिका इथे येते, आणि फार थोड्या जागेत येते. युरोपातलं प्रबोधन, भौगोलिक शोध, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती, आणि मग इंग्रजांची भारतातली सत्ता अशी ही वाट आहे. कुणी म्हणेल, एवढ्याशा जागेत तेरा वसाहतींचं काय सांगून होणार? मला या संक्षेपातच कसब दिसतं. अमेरिका इथे स्वतंत्र विषय म्हणून येत नाही. ज्या घडामोडींनी भारताचं भविष्य बदललं, त्या साखळीतला एक दुवा म्हणून येते. दुवा कुठे अडकतो हे शोधणं शिक्षकावर सोपवलेलं आहे.

तो दुवा शोधायला मच्छीमार नगराइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात टाकल्या गेल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. हीच कंपनी १६६८ पासून मुंबई बेट सांभाळत होती, वर्षाला दहा पौंड खंडावर. एकाच मालकाविरुद्ध एका बंदरात उठाव होतो आहे आणि दुसऱ्या बंदरात त्याचा कारभार निवांत चालू आहे, हे आठवीच्या मुलाला सांगितलं की नकाशावरचे दोन ठिपके जोडले जातात. मग फळ्यावर दोन रकाने काढावेत. एकीकडे १७७५: अमेरिकेत युद्धाला तोंड. शेजारी १७७५: मुंबईकर इंग्रजांचा रघुनाथरावांशी सुरतेचा तह आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची सुरुवात. एकीकडे १७७७, साराटोगाला इंग्रज सेनापतीची शरणागती. शेजारी जानेवारी १७७९, वडगावला मुंबईच्या इंग्रज फौजेची शरणागती. एकीकडे ऑक्टोबर १७८१, यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पराभव. शेजारी मे १७८२, सालबाईचा तह. आणि मग दोन्ही रकान्यांतून एकच माणूस चालत जातो: यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये बंगालचा गव्हर्नर जनरल होऊन भारतात येतो आणि १७९० पासून टिपूविरुद्धच्या युद्धात मराठ्यांच्याच साथीनं लढतो. पाठाच्या चार ओळींतून एवढं उलगडतं. ते उलगडू देणारी मोकळी जागा पाठानं ठेवली आहे, ही त्याची खरी श्रीमंती.

यापुढचा अमेरिकन अध्याय शिक्षकाला स्वतः आणावा लागतो, आणि तो तर या वस्तीच्या पायाखालीच आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा कापूस बंद पडला. गिरण्यांनी मुंबईकडे पाहिलं. आपला कापूस आखूड धाग्याचा, एरवी दुय्यम मानला जाणारा. पण गरज पडल्यावर त्याला सोन्याचा भाव आला. मुंबईचा कापसाचा बाजार तेव्हा कुलाब्यात भरत होता, १८४४ पासून. गुजरातचा, खानदेशाचा, वऱ्हाडाचा माल कुलाब्याच्या मोकळ्या मैदानावर येऊन पडत होता. मच्छीमार नगरातून चालत जाता येईल इतकं हे जवळ.

पैशाच्या त्या पुरात शहरात कंपन्यांची रीघ लागली. त्यांतली सर्वांत गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी, म्हणजे समुद्रात भराव घालून जमीन काढणारी कंपनी. जो समुद्र आज मच्छीमार नगराच्या दारात आहे, त्याच उपसागराचं पाणी भरून काढायचं स्वप्न. पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. मग ९ एप्रिल १८६५ ला जनरल ली शरण आला. युद्ध संपणार हे कळताच कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ ला, सगळे वायदे चुकते करायच्या दिवशी, मुंबईतल्या मोठमोठ्या घराण्यांचं दिवाळं वाजलं. दिनशा वाच्छांनी पुढे त्या वेडाचा आणि विनाशाचा सविस्तर आर्थिक इतिहास लिहिला. तो आजही वाचण्यासारखा आहे. त्या तेजीतले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून उभा राहिलेला राजाबाई टॉवर कफ परेडच्या बसमधून रोज दिसतो.

आता स्वाध्यायाकडे. 'पुढील विधाने सकारण स्पष्ट करा' हा प्रश्नप्रकार आपण सगळ्यांनी लिहिला आहे, आणि त्याची बांधणी कधी न्याहाळलेली नाही. प्रश्न विधानाच्या रूपात येतो. मत प्रश्नकर्त्यानंच देऊन टाकलेलं असतं. मुलानं फक्त कारणं जोडायची. वरवर पाहता हे सोपं वाटतं, पण त्यात शिस्त आहे. मताचा मोह काढून घेतला की उरतो तो पुरावा. समजा, विधान असं दिलं: अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच मुंबईतील अनेक कंपन्या बुडाल्या. चांगलं उत्तर तीन पायऱ्यांत उतरतं. पहिली: युद्धामुळे लँकेशायरला अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला मागणी आली. दुसरी: त्या पैशावर भरमसाट कंपन्या निघाल्या. त्यांचा भाव कमाईवर नव्हता, आशेवर होता. तिसरी: युद्ध थांबताच लांब धाग्याचा अमेरिकन कापूस परत येणार हे दिसलं, मागणी गेली, आशाही गेली. यात दुसरी पायरी गाळणारं मूल अर्धे गुण मिळवतं, कारण भाव पडणं आणि कंपनी बुडणं यांमधला सांधा तिथे आहे. परीक्षकाचा लाल पेन्सिलीचा ठिपका त्या सांध्यावर पडतो, तेव्हा इतिहास शिकवला जातो.

भौतिक साधनाचंही एक उदाहरण इथलंच घ्यायला हवं. ससून डॉक. १८७५ साली बांधलेला हा डॉक कापसाच्या व्यापारातून वर आलेल्या ससून घराण्याचा. समुद्र मागे सारून काढलेल्या जमिनीवर, बोटींवर गाठी चढवता याव्यात म्हणून तो उभा राहिला. आज तिथे पहाटे मासळीचा लिलाव होतो आणि मच्छीमार नगरातल्या कितीतरी मुलांच्या आया तिथून बोंबील, कोळंबी, सुरमई उचलून टोपल्या भरतात. कापूस गेला, दगडी धक्का राहिला, त्यावर मासे आले. एका वास्तूचे दोन काळ एकमेकांवर असे स्वच्छ बसलेले फार कमी ठिकाणी दिसतात. ज्या मुलानं आईबरोबर तिथे उभं राहून धक्क्याचा दगड पाहिला आहे, त्याला भौतिक साधन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

नकाशे हे आणखी एक साधन, आणि या भागात सर्वांत बोलकं. १८३८ च्या कॉजवेनं कुलाबा मुंबईला जोडला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंप्रूव्हमेंट ट्रस्टनं भर घालून कफ परेड काढलं आणि ट्रस्टच्या टी. डब्ल्यू. कफ यांचं नाव त्याला दिलं. १९२० च्या दशकात बॅक बेचा भराव पुन्हा सुरू झाला, त्यातला गैरव्यवहार के. एफ. नरिमन यांनी उघड केला, आणि पुढे त्याच भरावाच्या टोकाला त्यांचं नाव लागलं. साठ-सत्तरच्या दशकांत आणखी भर पडून आजचे मनोरे आले. चार नकाशे शेजारी ठेवले की किनारा प्रत्येक पानागणिक समुद्रात सरकताना दिसतो, आणि होडी लावायची जागा आक्रसत जाते. या वस्तीतलं मूल ती रेषा बोटानं दाखवू शकतं. नकाशावाचनाची याहून सरस चाचणी कुठल्या धोरणात लिहिलेली मला माहीत नाही.

अमेरिका दुसऱ्या पाठात संपत नाही. ती पुढे न सांगता परत येत राहते, आणि ही पुनरावृत्ती पुस्तकातला सर्वांत हळुवार बारकावा आहे. समाजप्रबोधनाच्या पाठात महात्मा फुले येतात. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहून त्यांनी ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना. म्हणजे ज्या युद्धानं कुलाब्याच्या बाजारात पैसा ओतला, त्याच युद्धाचा दुसरा अर्थ पुण्यातल्या एका माणसानं नेमका हेरला होता. हे दोन अर्थ एका वर्गात शेजारी ठेवता येणं, ही आठवीच्या अभ्यासक्रमाची मोठी देणगी आहे. सशस्त्र क्रांतीच्या पाठात सॅन फ्रान्सिस्कोची गदर चळवळ येते. अमेरिकेत शिकायला गेलेले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे तिच्यातलेच, १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरात फाशी गेलेले. समतेच्या लढ्याच्या पाठात डॉ. आंबेडकर येतात. परळच्या चाळीतून निघून १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. आणि ज्या शिक्षकाला आणखी पुढे जायचं असेल त्यानं पंडिता रमाबाईंचं १८८९ चं पुस्तक वर्गात आणावं: 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. अमेरिकेचा राज्यकारभार, शाळा, स्त्रियांची स्थिती यांचं इतकं बारीक मराठी वर्णन एकोणिसाव्या शतकात दुसरं क्वचितच मिळेल.

आता मूल्यमापन. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला वर्षभराच्या कामाचा, म्हणजे आकारिक मूल्यमापनाचा वाटा सत्तर टक्के, तर सत्रअखेरच्या परीक्षेचा तीस. वर जाता जाता हा तोल सरकत जातो आणि सातवी-आठवीला चाळीस आणि साठ होतो. लहानांवर परीक्षेचा भार हलका आणि वय वाढेल तसा थोडा थोडा जड, असा उतार या आकड्यांत मुद्दाम राखला आहे. त्या चाळीस टक्क्यांत साधनतंत्रं आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, आणि या सगळ्यांत न बसणारं इतर. इथेही शब्द साधनाचाच. मुलानं इतिहासाचा पुरावा गोळा करायचा, शिक्षकानं मुलाच्या शिकण्याचा.

चाचणीत पुस्तक उघडं ठेवून सोडवायची चाचणीही बसते. हे कलम वाचून मला नेहमी आनंद होतो. पुस्तक समोर असताना विचारण्यासारखा प्रश्न काढायला शिक्षकाला दुप्पट मेहनत पडते, कारण सन आणि नाव विचारून भागत नाही. आणि तोंडी काम. घरी कोळी बोली बोलणारं मूल प्रमाण मराठीच्या शुद्धलेखनात मागे पडू शकतं, पण आजीकडून ऐकलेला भरावाचा काळ सांगायला उभं राहिलं की त्याची वाक्यं आपोआप नेटकी होतात. त्या बोलण्याला गुण आहेत, आणि ते कागदावर मंजूर आहेत.

शिक्षेबद्दल फार बोलायचं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली, आणि मूल भीतीविना शिकावं ही अपेक्षाही त्याच कायद्यात आहे. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होण्याची अट आली. ती मला रचनेच्या बाकी सुराशी जुळणारी वाटत नाही. चाळीस टक्के इतक्या प्रेमानं मांडणाऱ्या कागदावर ती वेगळ्या हाताची रेघ वाटते.

सर्वांत शेवटी, आणि सर्वांत कमी वाचलं जाणारं: वर्णनात्मक नोंद. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक असे रकाने, प्रत्येकात जेमतेम दोन ओळींची जागा. घाईत भरलेल्या नोंदी आपण पाहतो: अभ्यासात लक्ष द्यावे, हस्ताक्षर सुधारावे. चुकीचं त्यात काही नाही, पण त्या कुणाच्याही असू शकतात. आता अशी एक नोंद कल्पून पाहा: 'नकाशातील भरावाची रेषा स्वतः शोधली. १८६५ चा पाठ वर्गाला समजावून दिला. कारणे सांगताना मधली पायरी वगळतो.' तीन छोटी वाक्यं. पहिल्यात साधन, दुसऱ्यात कर्तृत्व, तिसऱ्यात पुढच्या सत्राचं काम. विशेषण एकही नाही. हुशार नाही, चुणचुणीत नाही, मंदही नाही. जे पाहिलं तेवढंच लिहिलं आहे, आणि त्यातून मूल उभं राहतं. पहिल्या पाठानं मुलाकडून जी शिस्त मागितली, पुरावा आधी आणि मत नंतर, तीच शिस्त शिक्षकानं त्या मुलाबद्दल लिहिताना पाळली आहे. इथे विखुरलेले तिन्ही तुकडे एकमेकांत बसतात. चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकासाठी असं लिहायला वर्षभर डोळे उघडे ठेवावे लागतात. ते ठेवणारे शिक्षक आहेत, आणि त्यांच्या त्या दोन ओळी मराठी गद्याच्या उत्तम नमुन्यांत धरायला मी तयार आहे.

तेव्हा तुमच्या घरात आठवीचं मूल असेल, तर पुढचं प्रगतिपत्रक हाती येईल त्या दिवशी श्रेणीच्या रकान्यावर थांबू नका. अ-१ असो की क-२, आधी नोंदींचा रकाना वाचा. मग शाळेत जाऊन बाईंना किंवा सरांना त्या ओळीबद्दल विचारा: हे तुम्ही कधी पाहिलंत, कोणत्या पाठाला? आणि सवड असेल तर एका पहाटे मुलाला घेऊन ससून डॉकवर जा. लिलाव उजाडण्याआधीच सुरू होतो.